डब्यातली ‘छी’ आणि लक्ष्मीबाईंचं स्वयंपाकघर



मागच्या महिन्यात धाकट्याच्या वर्गशिक्षिकेचा फोन आला. दुपारची वेळ होती, मी पापड वाळत घालत होते. शाळेतून फोन म्हटलं की आधी पोटात गोळाच येतो. पडला का, ताप आला का? तसं काही नव्हतं. बाई शांतपणे म्हणाल्या, “तुमचा मुलगा अभ्यासात चांगला आहे. पण आज डबा खाताना शेजारच्या मुलाच्या डब्याकडे बघून नाक धरून ‘छी’ म्हणाला. मग आणखी दोघंतिघं म्हणाले. त्या मुलाने डबा बंद करून ठेवला आणि काहीच खाल्लं नाही.”

त्या मुलाच्या डब्यात सुक्या बोंबलाची चटणी आणि तांदळाची भाकरी होती. आपलं घोडबंदर खाडीकाठचं गाव. इथे आगरी-कोळी मूळचे, आपण नंतर आलेले. त्यांच्या घरी मासळी असणार यात नवल ते काय!

फोन ठेवला आणि पहिल्यांदा माझ्या मनात काय आलं ते खरं सांगते. ‘बरंच झालं, म्हणजे संस्कार पक्के आहेत,’ असं आलं. दुसऱ्या क्षणाला त्या बंद डब्याचं वाटलं. आणि तिसरी गोष्ट जी कळली, तिने मला दिवसभर सुचू दिलं नाही. ते ‘छी’ माझंच होतं. भाजी आणायला जाताना मासळीच्या पाट्यांजवळून गेलं की मी पदर नाकाला लावते आणि तोंडातून तोच शब्द निघतो. पोरगं हात धरून शेजारी चालत असतं. त्याने तो शब्द कुठून उचलला हे शोधायला लांब जायला नको.

शाळेत शिष्टाचार शिकवतात की हो. वर्गाच्या भिंतीवर रंगीत तक्ते आहेत, ‘सॉरी’, ‘थँक यू’, ‘आत येऊ का’. माझा मुलगा हे सगळं तोंडपाठ म्हणतो. पाहुण्यांना वाकून नमस्कार करतो, तेव्हा सगळ्या बायका कौतुक करतात. मग आदर करायला शिकला का तो? त्या दिवशी रात्री मला माझ्या आजोबांची आठवण झाली आणि त्यांच्यामागून भाऊराव पाटलांची. आज त्यांच्याबद्दलच लिहिते. कर्मवीर म्हणून त्यांचं नाव आपल्याला माहीत असतं, शाळांच्या पाट्यांवर असतं. पण ते आपल्यातले होते, दिगंबर जैन घरातले होते, हे आपल्या कितीजणींच्या मुलांना ठाऊक आहे?

माझं माहेर वाळवा तालुक्यातलं. भाऊरावांचं मूळ गाव ऐतवडे बुद्रुकही त्याच तालुक्यात. त्यांचा जन्म मात्र आजोळी, कुंभोजला, २२ सप्टेंबर १८८७ चा. बाहुबलीच्या डोंगराला जाताना जे कुंभोज लागतं तेच. वडील पायगोंडा पाटील सरकारी नोकरीत होते, त्यामुळे बदल्या होत आणि मुलाचं शिक्षण गावोगावी झालं. घर धार्मिक. दर्शन, गाळलेलं पाणी, सूर्यास्ताआधी जेवण, सोवळं, सगळं आपल्या आज्या-पणज्यांच्या घरासारखंच. त्या काळात सोवळं म्हटलं की त्यात शिवाशिवही आलीच. ती जैन धर्माने सांगितली नव्हती, पण गावाकडून घरात शिरली होती आणि आपण ती देवघरापर्यंत येऊ दिली.

शिकायला भाऊराव कोल्हापूरला आले. शाहू महाराजांनी निरनिराळ्या जातींच्या मुलांसाठी वसतिगृहं काढायला उत्तेजन दिलं होतं, त्यातलंच १९०१ मधलं आपलं दिगंबर जैन बोर्डिंग. खेड्यातल्या शेतकरी जैनांची मुलं तिथे राहून राजाराम हायस्कुलात जायची. बोर्डिंगची शिस्त होती अण्णासाहेब लठ्ठे यांच्या हातात. लठ्ठे म्हणजे लहान माणूस नव्हे. १८९९ मध्ये दक्षिण महाराष्ट्र जैन सभा उभी राहिली तिच्या संस्थापकांतले ते एक. मुलांच्या आणि मुलींच्या शिक्षणासाठी झटणारे. पुढे कोल्हापूर संस्थानचे दिवाण झाले आणि १९३७ मध्ये मुंबई प्रांताचे अर्थमंत्री.

१९०८ मध्ये कोल्हापुरात अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह सुरू झालं. मुंबईच्या गव्हर्नरांच्या मुलीचं नाव त्याला दिलेलं. भाऊराव त्या समारंभाला गेले. परत आल्यावर बोर्डिंगचा नियम पुढे आला: तिकडे जाऊन आलास, आता आंघोळ करून मगच आत ये, जेवायला बस. भाऊराव म्हणाले, आंघोळ करणार नाही. झालं. त्यांना बोर्डिंगमधून काढून टाकण्यात आलं.

ही गोष्ट मी लहानपणी आजोबांकडून ऐकली तेव्हा मला लठ्ठ्यांचा राग आला होता. आता स्वतः आई झाल्यावर मी जरा थांबते. शंभर घरांनी आपली मुलं तुमच्या भरवशावर पाठवलीत, त्या घरांत शिवाशिव पाळतात, एका मुलाला सूट दिली तर उद्या अर्धी मुलं आईबाप घेऊन जातील. नियम मोडणाऱ्याला काढायचं की नियमच काढायचा? बोर्डिंग चालवणाऱ्याने पहिलं केलं. आपणही घरात रोज तेच करतो ना! पण म्हणून ते बरोबर ठरत नाही. एका बादली पाण्याचा प्रश्न होता. भाऊरावांनी ते पाणी अंगावर घेतलं असतं तर कुणाचं काय बिघडलं असतं, असं कुणी विचारलं तर मी म्हणेन, ज्या मुलांना भेटून ते आले होते त्यांचं बिघडलं असतं. आंघोळ म्हणजे ‘छी’ होती, पाण्याने म्हटलेली.

भाऊराव बेघर झाले नाहीत, शाहू महाराजांनी त्यांना आसरा दिला. मॅट्रिक मात्र झाले नाहीत. अभ्यासात त्यांचं लक्ष कमी आणि तालमीत जास्त. (माझ्या मोठ्याला हे वाक्य वाचून दाखवणार नाही!) पण याच काळातली एक गोष्ट आहे. ज्ञानदेव घोलप नावाच्या मुलाला अस्पृश्य म्हणून शाळेत वर्गाबाहेर बसवलेलं त्यांनी पाहिलं. त्याला ते कोल्हापूरला घेऊन आले आणि त्याच मिस क्लार्क वसतिगृहात ठेवलं. हे घोलप पुढे मुंबईच्या कायदेमंडळाचे सदस्य झाले.

आता जी गोष्ट सांगते ती माझ्या मते आदर या विषयावरची सगळ्यात मोठी आहे, आणि आपल्या पाठशाळेत ती शिकवत नाहीत याचं मला वाईट वाटतं.

१९१४ च्या सुमारास कोल्हापुरात डांबर प्रकरण झालं. राजघराण्यातल्या इंग्रजाच्या पुतळ्याला कुणीतरी डांबर फासलं. इंग्रजी अमलात हा केवढा गुन्हा! संशय लठ्ठ्यांवर घेतला गेला. त्यांना अडकवायचं तर साक्षीदार हवा. पोलिसांना भाऊरावांचं नाव सुचलं, कारण साहजिक होतं: याच माणसाने तुला बोर्डिंगमधून हाकललं होतं ना, मग एवढी साक्ष दे. भाऊराव नाही म्हणाले. त्यांना पकडलं, कोठडीत टाकलं, मारझोड केली, हालहाल केले. तरी खोटी साक्ष दिली नाही.

मैत्रिणींनो, विचार करा जरा. ज्याने आपल्याला ताटावरून उठवलं त्याच्यावर सूड घ्यायची आयती संधी, तीही सरकारच्या आशीर्वादाने. नुसतं ‘हो’ म्हणायचं होतं. आणि हा मुलगा त्या माणसासाठी मार खातो, जो त्याला चुकीचा वाटत होता. लठ्ठ्यांचा नियम त्याने मानला नाही. पण लठ्ठे नावाच्या माणसाचा खोटेपणाने घात होऊ दिला नाही. आपण अणुव्रतं म्हणतो, सत्य म्हणतो, अस्तेय म्हणतो. खोटी साक्ष म्हणजे सत्याणुव्रताचा सरळ भंग, हे पाठशाळेतलं पोरही सांगेल. पण पोलिसांचा मार पडत असताना ते आठवणं वेगळं.

आपल्या शास्त्रात विनयाला तप म्हटलंय, आणि तेही बाहेरचं नाही, अभ्यंतर तप. उपवास बाहेरचं तप, विनय आतलं. मला पूर्वी वाटायचं की यात तपासारखं काय आहे, नमस्कार करायला काय कष्ट पडतात? कोठडीतले भाऊराव आठवले की कळतं काय कष्ट पडतात ते.

पुढची वर्षं त्यांनी किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकत गावोगाव फिरण्यात घालवली. नांगर विकता विकता शेतकऱ्याच्या घरातलं अज्ञान पाहिलं. ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराडजवळच्या काले गावी रयत शिक्षण संस्था स्थापन झाली आणि १९२४ मध्ये ती साताऱ्याला आली. हे सगळं पाठ्यपुस्तकात सापडेल, म्हणून मी तिथे थांबत नाही. मला थांबायचं आहे ते स्वयंपाकघरात.

भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई. त्याही कुंभोजच्या, पाटलाच्या घरातल्या. चांगलं दागदागिन्यांनी भरलेलं माहेर. सोवळंओवळं काटेकोर पाळणाऱ्या. आणि नवऱ्याने घरी काय आणावं? वेगवेगळ्या जातींची मुलं! मराठा, महार, मांग, मुसलमान, जो गरीब आणि ज्याला शिकायचंय तो. म्हणाले, ही आपली मुलं, यांना जेवायला घाल.

त्या पहिल्या दिवसाचा विचार माझ्या मनातून जात नाही. आपल्याला माहीत आहे आपलं स्वयंपाकघर काय असतं. महाराजांच्या आहाराच्या वेळी आपण किती जपतो, ओल्या धडुत्याने विहिरीचं पाणी आणतो, कुणाचा स्पर्श होऊ देत नाही. ती सवय हाडात गेलेली असते. लक्ष्मीबाई शाळा-कॉलेजात गेलेल्या नव्हत्या, त्यांना सत्यशोधक चळवळीची पुस्तकं कुणी वाचून दाखवली नव्हती. त्यांच्यासमोर फक्त पानावर बसलेली भुकेली पोरं होती. त्यांनी वाढलं. सुरुवातीला जड गेलं असणारच, मला नसतं का गेलं? पण वाढता वाढता त्या पोरांच्या आई झाल्या. आजारी पडलं तर उशाशी बसायच्या, कुणाचं डोकं धुवायच्या.

बोर्डिंगला पैसा नव्हता. भाऊराव वर्गणीसाठी, धान्यासाठी फिरतीवर असत. लक्ष्मीबाईंचे दागिने एकेक करून गेले, मोडले नाहीतर गहाण पडले. आणि रयतच्या माणसांत आजही सांगतात ती गोष्ट: एकदा कोठीत दाणा उरला नाही, भाऊराव गावात नाहीत, मुलं उपाशी झोपणार. लक्ष्मीबाईंनी गळ्यातलं मंगळसूत्र काढून दिलं, ते ठेवून धान्य आणा म्हणाल्या. नवरा जिवंत असताना मंगळसूत्र उतरवायचं, १९२० च्या दशकात, साताऱ्यासारख्या गावात! दागिना देणं एक वेळ सोपं. हे तसं नव्हतं.

१९३० मध्ये त्या गेल्या. नंतर त्यांच्या मुलांनी काय काय उभं केलं ते बघायला त्या नव्हत्या.

२५ फेब्रुवारी १९२७ ला गांधीजी साताऱ्याला आले, त्यांच्या हस्ते त्या वसतिगृहाचं नाव छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस ठेवलं गेलं. सगळ्या जातींची मुलं एका पंगतीत जेवतात, एकत्र झोपतात हे तेव्हा अप्रूप होतं. तिथे शिष्टाचाराचा वेगळा तास नव्हता. मुलं स्वतः झाडलोट करायची, दळायची, भाकरी थापायची, शेतात खपायची, संडास साफ करायची. ब्राह्मणाच्या घरचं असो की मांगाच्या, पाळी सगळ्यांना. ज्याने आज ताटं घासली, त्याला उद्या दुसरा घासणारा हलका कसा वाटेल? स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद, असं संस्थेचं वाक्यच आहे. १९४० मध्ये साताऱ्याला महाराजा सयाजीराव हायस्कूल निघालं तेही याच तऱ्हेने, काम करा आणि शिका.

माझे आजोबा रयतच्या एका बोर्डिंगात शिकले. आमच्या घरात ते एक कोडंच होतं. जेवण झालं की स्वतःचं ताट उचलून मोरीत घासायचे. आजीला याची भारी लाज, “लोकं काय म्हणतील, सुना आहेत घरात!” शेतावरच्या गड्याला ते ‘अहो’ म्हणायचे. आणि आजीच्या स्वयंपाकघराच्या बाहेर एक कोनाडा होता, त्यात गड्यांसाठी वेगळी कपबशी असायची. कान तुटलेली. गडी यायचा, कप उचलायचा, आजी वरून चहा ओतायची, तो पिऊन, धुऊन परत ठेवायचा. आजोबांनी काय करावं? ते काही बोलायचे नाहीत. एक दिवस त्यांनी स्वतः त्या कोनाड्यातला कप उचलला आणि आजीपुढे धरला. आजी पुष्कळ रडली म्हणतात. दुसऱ्या दिवसापासून कोनाडा रिकामा.

माझी आजी वाईट बाई नव्हती. दशलक्षणात दहा दिवस एकभुक्त राहायची, मुंगीला साखर घालायची. मुंगी दिसत होती तिला, गड्याचा घोट दिसत नव्हता.

आता येते परत माझ्या ‘छी’कडे. तुम्ही म्हणाल, जातीची शिवाशिव वेगळी आणि मांसाहार वेगळा. अगदी बरोबर, मीही तेच म्हणते. जातीत पाप नाही, हिंसेत आहे. मासळी आपण खाणार नाही, घरात येऊ देणार नाही, याबद्दल मुलाला लाज वाटायचं काही कारण नाही. त्याने ताठ मानेने सांगावं, मी हे खात नाही. पण पंगतीतल्या एका पोराला उपाशी ठेवून आपण कोणती अहिंसा केली? मेलेल्या बोंबलाला काही मिळालं नाही, जिवंत पोराचा मात्र जीव दुखावला.

त्या रात्री मी मोठीचा पाठशाळेचा तक्ता काढला, सम्यग्दर्शनाच्या आठ अंगांचा. तिसरं अंग निर्विचिकित्सा. किळस न करणं. त्यातली उद्दायन राजाची कथा आपल्या सगळ्यांना येते: रोगी मुनींच्या रूपात देव परीक्षा घ्यायला आला, आहार घेऊन त्याने राजाच्याच अंगावर ओकारी केली, दुर्गंधी सुटली, सगळे पळाले. राजाने आणि राणीने त्यांना धुतलं, आणि उलट स्वतःलाच दोष दिला की आपण दिलेल्या आहारात काही चुकलं असेल. कथा मुनींची आहे, मान्य. डब्याला ती लावायची का, यावर पंडितजी कदाचित मला दटावतील. पण नाक धरून ‘छी’ म्हणणं हे अंग नाही एवढं तरी नक्की.

मी मुलाला रागावले नाही. रागावणार कशी, गुन्हेगार मीच. त्याला भाऊरावांची बादलीची गोष्ट सांगितली. त्याने विचारलं, “मग त्यांना भूक लागली असेल ना, जेवू दिलं नाही तर?” मी म्हटलं, “लागली असेल.” तो गप्प बसला. मग म्हणाला, “त्यालापण लागली असेल.” सकाळी शाळेत जाऊन सॉरी म्हणाला, तक्त्यावरचंच, पण बाई म्हणाल्या की मनापासून म्हणाला.

मी मात्र तेवढ्यावर सोडलं नाही. शाळा सुटायच्या वेळी फाटकाशी त्या मुलाच्या आईला गाठलं. पोटात धडधडत होतं. म्हटलं, “ताई, माझ्या पोरामुळे काल तुमचं लेकरू उपाशी राहिलं. चूक त्याची कमी, माझी जास्त.” ती आधी जरा तुटक होती. असणारच. आम्ही जिथे राहतो त्या भागात जागा बघायला गेल्यावर तिला काय काय विचारलं जातं, ते तिने मला तिथेच उभ्या उभ्या सांगितलं, आणि मला मान वर करता आली नाही. मग आमच्या घरी काय चालतं ते तिने विचारलं. मी सांगितलं, कांदा-लसूण नाही, बटाटा नाही, काहीच कंद नाहीत. “अगो बाई, मग खाता काय तुम्ही?” आम्ही दोघी हसलो.

जाताना ती म्हणाली, “आमच्याकडे सोमवारी आणि गुरुवारी नसतंच काही. त्या दोन दिवशी बसू दे की दोघांना एकत्र.”

गुरुवारी मी दुधीची थालीपीठं केली आणि दोन जास्त घातली. डबा रिकामा आला. तिच्याकडून तांदळाची भाकरी आली होती म्हणे, वालाच्या भाजीबरोबर. पोरगं विचारत होतं, “आई, भाकरी एवढी पांढरी कशी होते?” मला येत नाही तशी. येत्या सोमवारी तिला विचारणार आहे.